खंडू की गफूर

भाऊजी, ताक अजून वेगळं काढून ठेवते मी. सकाळी घुसळण झाली की पहिला तांब्या कोपऱ्यातल्या डेऱ्यात, तुमच्या तालमीच्या मातीसाठी. घरातलं खाणारं एक तोंड कमी झालं, पण डेऱ्याला त्याचं काय. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात सून म्हणाली, "आत्याबाई, आता हे ताक काहून आंबवून राहिल्यात? घरभर वास सुटला." मी म्हटलं, "सुटू दे."  

तुमचं जाणं तसं साधंच झालं. कार्तिकातली थंडी छातीत बसली, ती उठलीच नाही. शेवटच्या दिवशी तुम्ही हातानं खूण करून मला जवळ बोलावलं, तेव्हा वाटलं, आता सांगतील. इतकी वर्षं ज्यावरून आपण दोघं भांडलो, त्याचा आज काय तो निकाल देतील. मी कान तोंडाशी नेला. तुम्ही म्हणालात, "वैनी, ताक गोड पडून राहिलंय. आंबट होऊ द्या." झालं. एवढंच. वस्ताद माणूस जाताना मातीचं बोलला. मी बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं की त्यांनी देवाचं नाव घेतलं. लोकांना तसंच ऐकायचं असतं.

आता तुम्हाला माहीत असलेलंच थोडं परत सांगते, कारण हे वाचणारे काही सगळे आपल्या कुरुंद्याचे नाहीत.

आमच्या गोठ्याच्या मागच्या भिंतीला लागून तुमची तालीम. तुमचे दादा, म्हणजे आमचे मालक, लवकर गेले. तुम्ही लग्न केलं नाहीत, लंगोट सोडला नाहीत, आणि या घरातून हललाही नाहीत. बाईमाणसानं तालमीत पाऊल टाकायचं नाही ही रीत. म्हणून हळद मी कुटायची, ताक मी आंबवायचं, तेल मी द्यायचं, आणि आतल्या कुस्तीच्या हौदातली माती कशी लागते ते मला कधीच कळायचं नाही. मला कळायचा तो आवाज. भिंतीपलीकडून शड्डू ऐकला की मांडी कुणाची ते मी इकडं शेण भरता भरता सांगायची. खंडूचा शड्डू कोरडा, एकच, दार लोटल्यासारखा. गफूरचे तीन. तिसरा जरा उशिरा यायचा, मुद्दाम, लोकांनी वाट बघावी म्हणून.

हे दोघं एकाच वर्षी तुमच्याकडं आले. खंडू आपल्या शेजारच्या हळदीच्या रानातला, सात शब्द बोलला तर सणच म्हणायचा. गफूर पिंजाऱ्याचा. त्याचा बाप गावोगाव गाद्या पिंजत फिरायचा, आणि पोरगं त्याच्या धनुकलीच्या तालावर बैठका मारायचं. दोघंही तुमच्या हाताखाली वाढले. मिसरूड फुटायच्या आधी दोघांचे कान मोडून कांद्यासारखे झाले होते. आणि दोघं तयार झाले त्या वर्षी तुमचं माझं भांडण सुरू झालं. मोठा कोण?

तुमचं ठरलेलं होतं. खंडू.

तुम्ही म्हणायचात, "वैनी, त्यो मानेवर हात ठेवतो ना, ताप बघितल्यासारखा ठेवतो. समोरच्याला वाटतं, अजून काहीच न्हाई. अन् तवर त्याचा घिस्सा डाव बसलेला असतो. पाठ मातीला लागल्यावर त्याला समजतं." तुम्ही हे सांगताना तुमचाच हात हवेत कुणाच्या तरी मानेवर जायचा, आणि भाकरी ताटात गार व्हायची.

मी म्हणायची गफूर. का, तर मी माळवदावरची, घराच्या छतावरून कुस्ती ऐकणारी. जत्रेतल्या कुस्त्यांचा फड ओढ्याकाठी, चिंचांच्या पलीकडं. आम्हा बायकांना फडात जायची सोय नाही. आम्ही आपल्या माळवदावर उभ्या राहायचो, आणि चिंचांच्या शेंड्यांशिवाय काही दिसायचं नाही. सगळी कुस्ती कानानं. हलगी वाजली की जोड लागली. हलगी थांबली की कुणीतरी कुणाला धरलं. लोक ओरडले की पडला.

याच हिशेबानं माझी फसगत झाली, तीही दोनदा. दोन्ही वेळा तुम्ही ती गावभर केलीत.

खंडूची पहिली मोठी कुस्ती होती, परभणीकडच्या कुणा दांडग्याशी. हलगी वाजली, थांबली, आणि मग काही नाही. ओरडणं नाही, शिट्टी नाही. चिंचेवरचे कावळे तेवढे ओरडले. मी बायकांना म्हटलं, "गेला गं आपला खंडू." खाली आले, हळद-तेलाचा लेप गरम केला, चिंध्या काढून ठेवल्या. तुम्ही आलात, मागं खंडू, त्याच्या डोक्याला गुलाबी फेटा.

"वैनी, ह्यो लेप कुणासाठी?"

"हरलेल्यासाठी."

"मग भाड्याची गाडी करा अन् परभणीला पाठवा," तुम्ही म्हणालात. "त्यो तिकडं निघाला."

लोकांना ओरडायला वेळच मिळाला नव्हता म्हणे. हलगीवाला हलगी शेकायला वाकला आणि उठून बघतो तर कुस्ती संपलेली. पैसे देऊन गाडी जुंपून आलेली माणसं एकमेकांना विचारत होती, काय झालं? मला सांगा भाऊजी, ही काय कुस्ती झाली? घरी जाऊन बायकोला सांगायला काही तरी पाहिजे की नको माणसाला?

आणि दुसऱ्या साली गफूर. केवढा गलका! हलगीवाल्यांनी आभाळ फाडलं. माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "मारली गं पिंजाऱ्याच्या पोरानं." मी खाली येऊन गूळ फोडला, गल्लीत वाटला. गफूर आला तोच गूळ मागत, हसत, आणि म्हणाला, "काकी, मी तर पडलो ना!" पडला होता! पण पडला तोही असा की तीनदा निसटून, एकदा त्या पैलवानाला खांद्यावर घेऊन फडाला फेरी मारून, मग पडला. आणि पडल्यावर उठून त्यानंच जिंकणाऱ्याचा हात वर केला. लोकांनी जिंकलेल्याला सोडून याला उचललं.

त्या दिवसापासून कुणीही उगाच आनंद केला की तुम्ही म्हणायचात, "वैनीचा गूळ." सुनेच्या बाळंतपणातसुद्धा म्हणालात. पोरगं होणार म्हणून मी आधीच लाडूचं सामान काढलं, झाली पोरगी, आणि तुम्ही बाहेरून, "वैनीचा गूळ!" लाडू मात्र सगळ्यात जास्त तुम्हीच खाल्लेत.

तर आपलं भांडण असं. तुम्ही म्हणायचात, गफूरकडं एकच डाव, ढाक. सगळ्या मुलखाला ठाऊक. मी म्हणायची, ठाऊक असून पडतात ना? तुम्ही म्हणायचात, तीन कुस्त्यांतली एक हरतो. मी म्हणायची, हरून आला तरी पुढच्या जत्रेचा नारळ त्याच्याच घरी येतो. खंडूला सांगावा कोण धाडतं? हे खरं होतं आणि तुम्हाला लागायचं. खंडू हरायचाच नाही, म्हणून त्याला बोलवायचे कमी झाले. त्याची कुस्ती लागली की लोक शेंगा घ्यायला उठायचे. गफूर फडात आला की शेंगावालाच टोपली सोडून यायचा. तो फडाला गोल फिरायचा, माती कपाळाला लावायचा, समोरच्या पैलवानाच्या पोटाकडं बघून म्हणायचा, "पैलवान, जेवून आला का? मी बिनजेवता आलो, जरा जपून." आणि हसणारी माणसं वैर विसरायची. लहान पोरं गल्लीत कुस्ती खेळताना कुणीही खंडू व्हायचं नाही. दोघंही गफूर. गफूर विरुद्ध गफूर.

"टाळ्यांनी तालीम चालत न्हाई, वैनी."

"मग कशानं चालते?"

"डावानं."

"डाव शिकायला पोरं यावी लागतात, भाऊजी. ती कुणाला बघून येतात?"

तुम्ही ताट सरकवून उठायचात. एकदा मी बोलून गेले की खंडूत तुम्ही स्वतःलाच बघता. तुम्हालाही कुणी खांद्यावर घेतलं नव्हतं ना, म्हणून. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, आणि सकाळी मात्र काही झालंच नाही अशा आवाजात ताक मागितलंत. मीही दिलं. आपल्या घरात असंच मिटायचं सगळं.

मी कितीदा म्हटलं, लावा की एकदा दोघांची निकाली. एकाची पाठ लागू द्या मातीला, तुमचं तरी तोंड बंद होईल, नाहीतर माझं. पण एका हौदातली दोघं एकमेकांवर सोडायची नाहीत ही तुमची रीत. तालमीत रोज लढायचे ते, रोज. मी भिंतीआडून ऐकायची. धापा, मातीचा फरफराट, कुणाचा तरी गुडघा टेकल्याचा आवाज. आणि आता कोण तरी पडणार, आता पडणार, की तुमची काठी जमिनीवर आपटायची. "हां, बस! सोडा!" लगेच दोघं सुटायचे. सगळ्या आयुष्यात एकदाही तुम्ही ते शेवटापर्यंत जाऊ दिलं नाही. शेणाची पाटी तशीच हातात धरून मी किती वेळा उभी राहिले असेन! तुम्हाला तरी माहीत होतं का भाऊजी, कुणाचा हात वर होता? की तुम्हीसुद्धा बघायचं टाळत होता?

पुसेगावच्या जत्रेतलं तर सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या मंडळींनी चांदीचं कडं लावलं आणि नेमकी हीच जोड पुकारली. खंडू, गफूर. बैलगाडीनं मुक्काम करत गेलेले तुम्ही, लोकांनी फड भरलेला. मला ती हकीगत तिघांकडून ऐकायला मिळाली. गफूरनं ओसरीवर उभं राहून सगळ्यांचे आवाज काढून सांगितली. तिथला पाटील कसा बोलला, लोक कसे ओरडले, वस्ताद कसे फडाच्या मधोमध जाऊन उभे राहिले, आणि म्हणाले, "माझ्यावर दोघांना सोडा, एकमेकांवर न्हाई." लोकांनी ढेकळं मारली ती कुठं लागली तेही दाखवलं. खंडूला विचारलं तर म्हणाला, "झाली न्हाई." आणि तुम्ही? तुम्ही हात-पाय धुतलेत आणि विचारलंत, म्हैस किती दिवसांत व्यायणार.

मी त्या दिवशी तुमच्यावर रागावले. कडं गेलं म्हणून नाही. मला वाटलं, खंडू पडेल अशी भीती आहे तुम्हाला.

मग ती वाईट वर्षं आली. त्याचं जास्त लिहीत नाही. निजामाच्या बाजूनं बंदुका घेऊन गावोगाव फिरणाऱ्या त्या माणसांनाही गफूर पाहिजे होता, कारण तो जिथं उभा राहील तिथं गर्दी. "तू नुस्ता पुढं चाल, बाकी आमी बघतो," असं म्हणाले. गफूर धनुकली खांद्याला मारून गाद्या पिंजायच्या निमित्तानं सिद्धेश्वरकडच्या खेड्यांत जाऊन राहिला, तो महिनोन् महिने. इकडं आलाच नाही. पुढं निजामी गेली, नव्या सरकारची पलटण आली, आणि तो परत आला तर गावानं तोंड फिरवलं. त्या बंदुकवाल्यांबरोबर तो गेला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी. नाव गफूर, एवढं पुरलं. ज्यांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं, ते त्याच्या घरावरून जाताना मुंडासं नीट करायला लागले. पोरांना आयांनी आत ओढलं. काही लोक वाईट-साईट बोलून गेले, आज रात्री बघू, उद्या बघू असं. गफूर घरात बसला. धनुकलीसुद्धा वाजेना.

मला वाटलं, आता तुम्ही म्हणणार. बघा वैनी, तुमच्या टाळ्या. आठ दिवसही टिकल्या न्हाईत. मी वाटच बघत होते. उत्तरही तयार ठेवलं होतं, नुसतं उत्तर, त्यात दम काही नव्हता.

 तुम्ही दुसऱ्या दिवसापासून दात घासायला गफूरच्या ओट्यावर जायला लागलात.

मला आधी कळलंच नाही. लिंबाची काडी घेऊन तुम्ही पहाटे बाहेर पडायचात, ते ऊन डोक्यावर येईतो परत नाही. मी सुनेला म्हटलं, भाऊजींच्या तोंडात आता दात तरी किती राहिलेत, इतका वेळ काय घासतात? मग जैतून, गफूरची बायको, मागच्या दारानं पीठ मागायला आली तेव्हा तिनं सांगितलं. "वस्ताद येतेत, ओट्यावर बसतेत, काडी चावतेत. काठी बाजूला ठेवतेत. कुणी आलं की विचारतेत, काय रे, कुणाकडं चालला? बस, तेवढंच." खंडूही पाठीमागून यायचा म्हणे, आणि बोलायचा नाही, म्हणजे नेहमीसारखाच. सगळी दिवाळी तुम्ही त्या ओट्यावर दात घासलेत. त्या घराकडं वाकडं पाऊल टाकून कुणी आलं नाही. आणि तिथंच तुम्हाला थंडी लागली, असं सून म्हणते. मी म्हणत नाही. थंडी काय, कुठंही लागते.

तुम्ही गेलात आणि तालमीची किल्ली माझ्या कनवटीला आली. वस्ताद गेला की तेरा दिवस हौदाला फावडं लावायचं नाही, आणि मग जो पहिलं फावडं मारील तो पुढचा वस्ताद. चावडीवरची मंडळी घरी आली. म्हणाली, "यात विचार कसला करायचा? खंडूला द्या. तुमच्या दिराचंबी तेच मत होतं." होतंच. त्यांच्यासमोर मी हो म्हटलं. पण ती उठून गेली तरी माझा हात कनवटीवरच होता. तुमचं मत खंडू, आणि शेवटचे दिवस तुम्ही गफूरच्या ओट्यावर. मग मी काय समजायचं होतं, सांगा. तालीम बंद पडली तर तुमच्यामागं या गावात तुमचं काही उरत नव्हतं. चुकीच्या हातात गेली तरी तेच.

तेराव्यानंतर खंडूला बोलावलं. किल्ली पुढं केली. त्यानं हात मागं घेतला.

"काकी, मला शिकवता येत न्हाई."

मी म्हटलं, "म्हंजे?"

"मी दाखवतो. पोरं बघतात. त्यास्नी कळत न्हाई, काय झालं." मग किल्लीकडं बघत, "गफूर बोलून शिकवतो. पोरं हसतात, अन् त्यास्नी येतं. वस्तादबी म्हणायचे."

"कोण म्हणायचे?"

"वस्ताद."

"काय म्हणायचे?"

"तालीम त्याच्यामुळं भरती, म्हणून."

भाऊजी! मला कधी बोलला नाहीत ते! माझंच वाक्य, माझ्याच पाठीमागं त्या पोराला सांगितलंत, आणि माझ्यासमोर ताट सरकवलंत! मला हसू आलं आणि तुमचा असा राग आला की तुम्ही असता तर ताकच दिलं नसतं दोन दिवस.

मग माझंही एक ऐकून ठेवा, आता बोलणं निघालंच आहे तर. मी या घरात नवी आले होते तेव्हा. तुमची कुस्ती होती, तुमच्या उमेदीतली. नेहमीसारखी हलगी थांबली आणि सगळं गप्प. मला ते गप्प असणं सोसलं नाही. डोक्यावरचा पदर विसरून माळवदाच्या कडेला जाऊन मी ओरडले, "मारली!" सासूबाईंनी दंडाला धरून मागं ओढलं, चिमटा काढला तो महिनाभर काळानिळा होता. तुम्ही जिंकला होता. घरी आल्यावर सासूबाईंना विचारलंत, "आमच्या घरावरून कोण वरडलं?" त्या म्हणाल्या, कावळा. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत, पण त्या दिवशी जेवताना दोनदा मागून भाजी घेतलीत. तुम्हाला कळलं होतं का? हे विचारायचं राहिलं. कारण कुणी खांद्यावर घेतलं नाही असं मी रागात म्हटलं ते खरं. पण कुणी ओरडलंच नाही असं नव्हतं.

असो. खंडूला म्हटलं, मग आण जा गफूरला. तो म्हणाला, दोनदा गेलो, तो येत नाही. मग मीच उठले. हळदीची पुडी पदराला बांधली, ताकाची कासंडी काखेत घेतली, आणि भर सकाळी, बाजाराच्या वाटेनं, गफूरच्या दारी.

गफूर आत कापसात बसलेला. दाढी वाढलेली.

"काकी, तुमी काहून आल्या? लोकं बोलतील."

"तुझ्या कुस्तीला काय कमी बोलत होते?"

"तवा शिट्ट्या मारत होते," तो म्हणाला. त्यात हसू नव्हतं. "आता बाजूनं जातेत. रहने दो काकी. खंडूला द्या किल्ली. तो हय ना चांगला."

मी पुष्कळ सांगून बघितलं. माती दगड होऊन राहिली म्हटलं, ताक नासून राहिलं म्हटलं, वस्तादाचं नाव घेतलं. तो नुसता मान हलवत होता. जैतून दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती, की काकी अजून काही तरी बोला.  मग मी कासंडी उचलली, उंबऱ्यापर्यंत आले, आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं,

"बराबर आहे तुझं. गाव म्हणतंच की, निकाली झाली असती तर खंडूनंच मारली असती. पुसेगावला वस्तादांनी गफूरची अब्रू वाचवली म्हणे."

मागं कापूस हलला.

"कोण म्हणतं?"

"सगळेच. चावडीवर."

"खंडू म्हणतो?"

"त्यो कुठं काही म्हणतो?" मी म्हटलं. "पण न्हाईबी म्हणत न्हाई."

भाऊजी, तो असा उठला की अंगावरचा कापूस खोलीभर झाला. सदरा न घालताच बाहेर पडला. बाजाराच्या मधून, छाती काढून, रागानं लाल. मी मागं कासंडी सावरत. लोक बघत होते. कासाराच्या दुकानापाशी कुणीतरी, कोण ते मला दिसलं नाही, हलकीशी शिट्टी मारली. गफूरनं वळून बघितलं नाही. पण चाल बदलली. तुम्हाला ठाऊक आहे ती, फडातली चाल.

खंडू तालमीच्या दारात होता. मी कुलूप काढलं आणि बाहेरच उभी राहिले. आत दोघं काय बोलले ते ऐकू आलं नाही.  मग फावडं आपटल्याचा आवाज आला, लगेच दुसरं. पहिलं कुणाचं हे मला खरंच सांगता यायचं नाही, आणि चावडीलाही मी तेच सांगितलं. ढेकळं फुटली. खंडूनं दारातून हात बाहेर काढला, मी हळद दिली, ताक दिलं. दुपार होईतो ते माती कालवत होते. वास आला. मग गल्लीतली पोरं एकेक करून भिंतीपाशी येऊन उभी राहिली. त्यांच्या आयांनी बघितलं, आणि या वेळी ओढून नेलं नाही.

मग शड्डू. एक कोरडा. मग तीन, तिसरा उशिरा.

मी गोठ्यात जाऊन भिंतीला कान लावला. इतक्या वर्षांत मी ऐकली नव्हती अशी कुस्ती, भाऊजी. सरावाची नाही, खरी. धापा, फरफराट, कुणाचं तरी "या अल्ला", कुणाचा तरी दात खाल्ल्याचा आवाज. हळूहळू एक जण वर जायला लागला, आवाजावरून कळतं ते. आणि मी वाट बघत होते, सवयीनं, तुमच्या काठीची. काठी नव्हती. मग माझ्या ध्यानात आलं, आता हे थांबणार नाही. आता एकाची पाठ लागणार. इतकी वर्षं मला जे पाहिजे होतं ते आता होणार होतं, आणि उद्या सकाळी त्या तालमीत एक जिंकलेला असणार, एक हरलेला. ज्याच्याकडं गावानं आधीच पाठ केली होती तो हरलेला असला तर? किंवा ज्याच्याकडं न हरण्याशिवाय दुसरं काहीच नाही, तो?

मी म्हशीच्या गव्हाणीजवळ पडलेला दांडा उचलला, भिंतीवर आपटला, आणि ओरडले,

"हां, बस! सोडा!"

सुटले. एका क्षणात, दोघंही. तुमच्या आवाजाला सुटायचे तसे. म्हैस दचकून उठली. मग भिंतीपलीकडून गफूर, दम लागलेला,

"काकी! अजून जरा थांबल्या असत्या तर, झालं होतं!"

आणि खंडू, जो बोलत नाही तो खंडू, म्हणाला,

"कुणाचं?"

पोरं हसली. गफूर हसला. मला वाटतं खंडूही हसला असावा, त्याचं ऐकू येत नाही.

किल्ली माझ्याच कनवटीला आहे. सकाळी कुलूप मी काढते, आत ते दोघं शिकवतात, एक बोलून, एक दाखवून, आणि वेळ झाली की भिंतीवर दांडा मी आपटते. आपलं भांडण तुम्ही ठेवलं होतं तिथंच ठेवलंय मी. तुम्ही म्हणा खंडू. मी म्हणते गफूर.

ताक त्या दिवशी चांगलं आंबट झालं होतं, भाऊजी.